पीसीवर वायफाय-ब्लूटूथ चालू करताना माझे चार दिवस गेले, तुमचा एक तास जावा म्हणून

मागच्या जूनमध्ये मी नवीन पीसी जोडून घेतला, म्हणजे ओळखीतल्या एकाने पार्ट आणून जोडून दिला. मी कर्वेनगरला घरीच बारावी कॉमर्सच्या अकाउंट्सच्या ट्यूशन घेते, निम्मी मुलं ऑनलाइन असतात, त्यामुळे हेडफोन, माइक, प्रिंटर, वायफाय हे सगळं मला रोजच लागतं. पीसी घरी आला, वायफाय पहिल्या झटक्यात कनेक्ट झालं, मी खूश. आणि ब्लूटूथचं बटणच नाही! म्हणजे बटण आहे पण बंद आहे असं नाही हं, बटणच गायब.

पुढचे चार दिवस ड्रायव्हर (हार्डवेअर चालवायला विंडोजला लागणारं सॉफ्टवेअर) टाक, काढ, परत टाक, एकदा तर अख्खं विंडोज नव्याने टाकलं आणि वर टॅलीचा बॅकअप घ्यायला विसरले ते वेगळंच. पाचव्या दिवशी रविवार होता, साताऱ्याचा भाचा जेवायला आला, तो इथेच जवळ कॉट बेसिसवर राहतो, इंजिनिअरिंगला आहे. त्याने काय केलं, तर सेटिंग उघडलंच नाही. "मावशी, खोके कुठेत?" म्हणाला. खोके माळ्यावर. त्यातला वायफाय कार्डचा खोका काढला, आतला पुठ्ठा उचलला आणि खालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक काळी वायर बाहेर काढली. "ही कशी काय इथे?" आता मला काय माहीत ती कशी काय इथे! त्या वायरीतून ब्लूटूथ चालतं हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून त्याचे रूममेट, माझी मुलं, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळे मलाच विचारतात, म्हणून एकदाच बैजवार लिहून टाकते. सगळे (मी पण) सुरुवात सेटिंगपासून करतात आणि तिथेच फसतात. खरा क्रम उलटा आहे. आधी मशीनमध्ये रेडिओ (म्हणजे वायफाय-ब्लूटूथचे सिग्नल पाठवणारा-पकडणारा भाग) आहे का, मग त्याला वायर-अँटेना आहे का, मग ड्रायव्हर, मग बटण, आणि पेअरिंग (म्हणजे हेडफोन-माउस ब्लूटूथने जोडणं) सगळ्यात शेवटी. मधली एक पायरी गाळली की शेवटी तिथेच परत यावं लागतं.

बसायच्या आधी हे जवळ ठेवा:

– पीसीचं बिल, आणि मदरबोर्डचे-कार्डचे रिकामे खोके (टाकले नसतील तर)
– लॅपटॉप असेल तर खाली चिकटवलेल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तो स्टिकर घासून घासून पुसट होतो
– एक वायरवाला माउस आणि जमलं तर वायरवाला कीबोर्ड, का ते पुढे सांगते
– अँड्रॉइड मोबाइल, डेटा शिल्लक असलेला, आणि त्याची चांगली यूएसबी केबल
– डेस्कटॉपसाठी स्टार स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च

१. मशीनमध्ये रेडिओ आहे का ते बघा

लॅपटॉपवाल्यांनी निर्धास्त राहा, गेल्या बऱ्याच वर्षांत आलेल्या जवळपास सगळ्या लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही असतं आणि बहुतेक वेळा एकाच छोट्या कार्डावर असतं. डेस्कटॉपवाल्यांनी मात्र काहीही गृहीत धरू नका. बरेच मदरबोर्ड दोन्हीशिवाय येतात, आणि जोडून देणारा माणूस तुमच्या बजेटात बसवायच्या नादात पहिली काट तिथेच मारतो.

बघायचं असं. विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, जी यादी येईल त्यातून डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे नेटवर्क अडॅप्टर्स नावाच्या ओळीखाली वायफाय, वायरलेस किंवा ८०२.११ असं काही लिहिलेलं दिसलं तर वायफाय आहे. नुसतं इथरनेट किंवा जीबीई दिसलं तर ते वायरीचं पोर्ट आहे, आणि वॅन मिनीपोर्ट नावाची सात-आठ पिलावळ दिसेल तिच्याकडे लक्षच देऊ नका. ब्लूटूथची ओळ वेगळी असते, त्याच्या चिन्हासकट. (हे चिन्ह म्हणजे दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ नावाच्या डेन्मार्कच्या राजाच्या नावाची दोन आद्याक्षरं, त्यांच्या जुन्या लिपीतली, एकावर एक काढलेली. ब्लूटूथ हे नावही त्याचंच. मुलांना सांगितलं की खोटं वाटतं.)

आता ओळ आहे पण तिच्यावर पिवळा त्रिकोण आहे, किंवा खाली अदर डिव्हायसेस म्हणून अनोळखी काहीतरी पडलंय, तर तुमचं हार्डवेअर बहुधा ठीक आहे, ड्रायव्हर नाही, सरळ पायरी ४ वर जा. खाली टोक केलेला छोटा बाण असेल तर कोणीतरी ते बंद केलंय, राइट क्लिक करून एनेबल करा, झालं. आणि काहीच नसेल तर डेस्कटॉपवाले पायरी २ वर.

लॅपटॉपवर काल होतं आणि आज ब्लूटूथ गायब झालं असं झालं तर घाबरू नका, हे फार जणांना होतं. कार्ड अडकून बसतं. शट डाउन करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. नुसतं शट डाउन करून चालू केल्याने होत नाही, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून एक प्रकार असतो, त्यात शट डाउन केलेलं मशीन खरं पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. त्यामुळे एरवीसुद्धा "बंद करून चालू करा" असं कोणी सांगितलं तर रीस्टार्ट करा, तेच खरं नव्याने चालू होणं.

२. डेस्कटॉप असेल तर झाकण काढा (माझे चार दिवस इथे गेले)

डेस्कटॉपमध्ये मागून लावायचं वायफाय कार्ड मिळतं, बहुतेक कार्डांवर ब्लूटूथ पण असतं आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. पण गंमत अशी की एकाच कार्डावर असले तरी दोघांचे रस्ते वेगळे. वायफायचं काम ज्या खाचेत कार्ड खोचतात त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून चालतं आणि ब्लूटूथचं यूएसबीतून. म्हणून कार्डबरोबर एक वायर येते, तिचं एक टोक कार्डाला आणि दुसरं मदरबोर्डवरच्या यूएसबी २ च्या पिनांना लावायचं असतं. ती लावली नाही तर वायफाय मस्त चालतं, आणि ब्लूटूथ विंडोजच्या लेखी जन्मालाच आलेलं नसतं. कुठे एरर नाही, त्रिकोण नाही, काही नाही. वायफाय चालतंय म्हणजे कार्ड बरोबर बसलंय असंच कोणालाही वाटणार ना, मला पण तेच वाटलं, म्हणून तर ड्रायव्हरच्या मागे लागले.

लावायचं असं. पीसी बंद करा, मागची पॉवर केबल काढा, नुसता स्विच बंद करून नाही. कॅबिनेटच्या लोखंडाला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. डावीकडचं झाकण काढा, बहुतेक मागे दोनच स्क्रू असतात. मदरबोर्डच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात यूएसबी लिहिलेलं असतं, तिथे पिनांच्या दोन रांगा, एका रांगेत पाच आणि दुसरीत चार. ती एक पिन मुद्दाम नसते, आणि वायरच्या टोकालाही तिथलं भोक बुजवलेलं असतं, त्यामुळे उलटी बसतच नाही, जोर लावू नका. शेजारी त्याच्याहून मोठं, एकोणीस पिनांचं कनेक्टर असेल तर ते यूएसबी ३ चं, ते आपलं नाही. आमच्याकडे हे सगळं डायनिंग टेबलवर चाललं होतं, आमटी गार होत होती, मी टॉर्च धरलेला आणि भाचा मान वाकडी करून ती अक्षरं वाचतोय, पाच मिनिटांत वायर लागली आणि चालू केल्या केल्या ब्लूटूथचं बटण जागेवर! मला आनंद व्हायच्या ऐवजी रागच जास्त आला.

झाकण उघडलंच आहे तर अँटेना पण बघा. वायफायवाल्या मदरबोर्डला किंवा कार्डाला मागच्या बाजूने दोन पितळी-सोनेरी आट्यांचे खांब असतात, त्यांच्यावर अँटेना फिरवून बसवायच्या असतात, आणि त्या पण खोक्यातच राहिलेल्या असतात. इथली फसवणूक अशी की राउटर त्याच खोलीत असेल तर अँटेनाशिवायही थोडंफार वायफाय पकडतं, म्हणून कोणाला संशय येत नाही, आणि मग ब्लूटूथचा माउस दोन फुटांवरून पण अडखळतो. कारण त्या अँटेना ब्लूटूथला पण लागतात. लॅपटॉपमध्ये अँटेनाच्या वायरी स्क्रीनच्या चौकटीत असतात. बिजागरीचं किंवा स्क्रीनचं काम करून आणल्यावर वायफाय एकदम दुबळं झालं असेल तर आत कार्डावरची टिकलीएवढी कनेक्टरं सुटलेली असू शकतात, ज्याने काम केलं त्याच्याकडेच परत न्या आणि हेच शब्द सांगा.

३. रेडिओ नाहीच, तर डोंगल

डोंगल म्हणजे यूएसबी पोर्टात खोचायचा छोटासा रेडिओ. तो ऑनलाइन मागवा नाहीतर पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा. गल्लीत चारचाकी नेऊ नका एवढंच सांगते, मंडईला गाडी लावून चालत जा, आता तर मंडईपर्यंत मेट्रो पण आहे. दुकानात नुसतं "वायफायचा डोंगल द्या" म्हणालात तर जो समोर असेल तो मिळेल. काय काय विचारायचं:

वायफायचा हवा, ब्लूटूथचा हवा की दोन्ही? दिसायला सगळे नखाएवढे आणि सारखेच. वायफायचा घेत असाल तर ड्युअल बँड म्हणा, नाहीतर फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला मिळेल आणि घरातलं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसणारच नाही. ब्लूटूथच्या डोंगलवर ५.० की ५.३ असल्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका, साधा माउस आणि हेडफोनसाठी कुठलाही ५ चा पुरतो, नवा जुन्याशी बोलतोच. विंडोज १० किंवा ११ वर आपोआप चालतो का ते विचारा, कारण खोक्यात एक छोटीशी सीडी निघते आणि सीडी घालायला आता जागा कुणाच्या पीसीला आहे?

आणि वायरलेस माउसबरोबर जो चिमुकला डोंगल येतो तो ब्लूटूथ नव्हे. तो त्या माउसचा स्वतःचा, त्याच्यावर हेडफोन जोडायला जाऊ नका. काकूंनी दोन दिवस तोच प्रयत्न केला होता.

लॅपटॉपचं आतलं ब्लूटूथ नीट चालत नाही म्हणून वर डोंगल लावलात तर आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आतलं डिसेबल करा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ सांभाळतं, दोन असले की दोघांचंही धड चालत नाही.

४. ड्रायव्हर, आणि नेट नाही तर ड्रायव्हर कुठून आणायचा

विंडोज नव्याने टाकलं की हमखास हे होतं. वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही. विंडोज ११ तर सुरुवातीलाच नेट मागतं आणि तिथेच अडून बसतं. उपाय तुमच्या हातात आहे, मोबाइल. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने पीसीला लावा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट अँड टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. पीसीला वाटतं वायरीचं नेट आलं. टेदरिंगचं बटण पुसट दिसत असेल आणि दाबलं जात नसेल तर केबल नुसती चार्जिंगची आहे, डेटाची आणा, पॉवर बँकबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबली तशा असतात. आयफोनने पण होतं पण त्याला विंडोजवर आधी ॲपलचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे परत तीच रडकथा, त्या वेळेपुरता कोणाचा तरी अँड्रॉइड मागून घ्या.

नेट आलं की लगेच त्या कनेक्शनला मीटर्ड करून टाका (सेटिंगमध्ये नेटवर्कच्या खाली आहे), नाहीतर विंडोज मागच्या मागे अपडेट ओढायला लागतं आणि दिवसाचा डेटा चहा होईपर्यंत संपतो.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलच्या पानावरून. वायफाय आणि ब्लूटूथ एका कार्डावर असले तरी ड्रायव्हर दोन वेगळे असतात, दोन्ही टाका. "एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट" म्हणणारी जी सॉफ्टवेअरं सर्चमध्ये सगळ्यात वर येतात ती नको म्हणजे नको, मी एक टाकलं होतं, त्याने ड्रायव्हर तर दिला नाहीच, वर ब्राउजरचं होमपेज बदलून बसलं.

कार्ड कुठल्या कंपनीचं तेच कळत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्या अनोळखी ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. वायफाय कार्डाच्या लांबलचक नंबरात ८०८६ दिसलं तर इंटेल, १०ईसी दिसलं तर रिअलटेक. ८०८६ हा इंटेलच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचाच आकडा, त्यांनी स्वतःची ओळख म्हणून तोच घेतला, म्हणून लक्षात राहतो.

५. बटणं

एकाच गोष्टीला तीन-चार बटणं आहेत आणि सगळी चालू लागतात. जुन्या लॅपटॉपच्या कडेला सरकवायचा छोटा स्विच असतो, बॅगेत घालताना तो आपोआप सरकतो. कीबोर्डवर वरच्या रांगेत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असतं, मांजर त्यावरून चाललं तरी वायफाय बंद. मग विंडोजचं एअरप्लेन मोड. आणि मग खरं वायफाय-ब्लूटूथचं बटण, विंडोज आणि ए एकदम दाबलं की उजवीकडे येतं ते.

ही सगळी चालू असूनही ब्लूटूथ जागं होत नसेल तर स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधा, यादीत ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस असेल, ती बंद असेल तर स्टार्ट करा.

आता वायरवाला माउस का ते. भाच्याच्या रूममेटने "बंद करून चालू करून बघतो" म्हणून ब्लूटूथचं बटण बंद केलं, ब्लूटूथच्या माउसने. आता चालू कशाने करणार! कीबोर्ड पण ब्लूटूथचाच होता.

६. वायफाय जोडताना

पासवर्ड टाकला की झालं, त्यात काय लिहायचं. पण काही गोष्टींवर लोक उगाच अडकतात.

एकाच राउटरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी. याचा मोबाइलच्या फाइव्ह जीशी काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ. पीसी राउटरच्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असेल तर हेच घ्या, वेगवान आहे आणि शेजाऱ्यांच्या गर्दीतून सुटका होते. पण भिंती लागल्या की हे लवकर दमतं. पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असाल, जिथे भिंतीच्या कोनाड्यात माणूस बसेल, तिथे पलीकडच्या खोलीत २.४ वालंच चालेल.

नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जुना लॅपटॉप जोडलाच जात नाही, आणि बाकी सगळे जोडले जातात, तर राउटरमध्ये सिक्युरिटी डब्ल्यूपीए ३ वर असेल. जुन्या कार्डांना ती कळत नाही, डब्ल्यूपीए २ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय लावा.

कनेक्टेड दिसतंय पण साइटच उघडत नाहीत आणि सगळीकडे सिक्युरिटीच्या वॉर्निंगा येतायत तर उजवीकडे खाली तारीख बघा. हसू नका. मदरबोर्डचा सेल संपला की रात्री लाइट गेल्यावर पीसी कित्येक वर्षं मागे जातो आणि चुकीच्या तारखेवर सुरक्षित साइट उघडत नाहीत. आमच्याकडे हे गुरुवारी लाइट जाऊन आल्यावर कळलं. सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा सेल, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

आणि राउटरवरच लाल लाइट लागली असेल तर पीसीशी अजिबात झटू नका, कुठेतरी रस्ता खोदलाय आणि फायबर तुटलीय, केबलवाल्याला फोन.

पीजीत किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्यांसाठी एक. तिथल्या वायफायवर बऱ्याचदा एकमेकांची उपकरणं दिसू नयेत अशी सोय केलेली असते. नेट चालतं पण वायफाय प्रिंटर दिसत नाही, टीव्हीवर स्क्रीन टाकता येत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दोन्ही त्याच्यावर घ्या. घरच्या वायफायवर प्रिंटर दिसत नसेल तर मात्र विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिकवर आहे का बघा, प्रायव्हेट करा, आणि प्रिंटर २.४ वर जोडा, साधे प्रिंटर ५ वर जातच नाहीत.

७. आता पेअरिंग

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, ॲड डिव्हाइस. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, ॲड ब्लूटूथ. (१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण पुण्यात अजून अर्ध्या मुलांकडे तेच आहे.)

इथे नव्वद टक्के गोंधळ एकाच गोष्टीचा. उपकरण चालू असणं वेगळं आणि पेअरिंग मोडमध्ये असणं वेगळं. हेडफोन चालू केला म्हणजे पीसीला दिसेल असं नाही, चालू झाल्या झाल्या तो आपल्या जुन्या मालकाला म्हणजे तुमच्या फोनला शोधतो आणि त्याच्याशीच जाऊन चिकटतो. म्हणून आधी फोनचं ब्लूटूथ बंद. मग हेडफोन बंद असताना पॉवरचं बटण दाबून धरा, चालू झाल्यावरही सोडू नका, लाइट भराभर लुकलुकायला लागेपर्यंत. कानातले छोटे बड्स असतील तर ते डबीत ठेवून, झाकण उघडं ठेवून, डबीवरचं बटण. माउस-कीबोर्डला खाली १, २, ३ असं लिहिलेलं असेल तर मोकळा नंबर निवडून तोच दाबून धरा, १ वर लॅपटॉप आणि २ वर पीसी असं लावून ठेवता येतं.

लुकलुकतंय, तरी यादीत येत नाही? विंडोज ११ मुळात नेहमीचीच उपकरणं दाखवतं. ब्लूटूथ अँड डिव्हायसेसमध्ये डिव्हायसेसमध्ये जा, खाली ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी आहे, ते डीफॉल्टवरून ॲडव्हान्स्डवर करा. ही जागा कोणी सांगितल्याशिवाय सापडत नाही.

कीबोर्ड जोडताना स्क्रीनवर आकडे येतात, ते त्याच नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं. फोन जोडताना दोन्हीकडे आकडे येतात, ते नुसते जुळतात का बघायचे. जुना स्पीकर पिन मागत असेल तर ०००० किंवा १२३४ टाकून बघा.

पेअर्ड दिसतंय पण कनेक्टेड होत नाही, तर तिथेच डोकं आपटत बसू नका. पीसीवरून रिमूव्ह करा, उपकरणातूनही जुनी जोडणी पुसा, आणि पहिल्यापासून जोडा. पेअरिंग म्हणजे दोघांनी एक गुप्त किल्ली ठरवून आपापल्याकडे ठेवणं. एकाने विंडोज बदललं की त्याच्याकडची किल्ली गेली, दुसरा जुनीच किल्ली घेऊन दारात उभा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांचा माउस दर वेळी रुसतो तो पण याच कारणाने, दोघांकडे वेगवेगळ्या किल्ल्या आणि माउसला वाटतं मशीन तर तेच.

८. हेडफोन जोडला, आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा

ऑनलाइन क्लासवाल्यांनो, हे नीट वाचा. गाणी ऐकताना हेडफोन मस्त, आणि मीटिंग सुरू झाली की तोच हेडफोन लँडलाइन. मी नवा हेडफोन खराब म्हणून परत करायला निघाले होते. पण त्यात हेडफोनचा काही दोष नसतो. साध्या ब्लूटूथमध्ये चांगला स्टिरिओ आवाज एकाच दिशेने जातो, पीसीकडून कानाकडे. तुमचा माइक चालू झाला की त्याला दोन्ही दिशा सांभाळायच्या असतात, मग तो हँड्स-फ्री नावाच्या फोनवर बोलायच्या पद्धतीत जातो आणि आवाज एका पट्टीचा, बारीक होतो. विंडोज १० मध्ये तर एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक स्टिरिओवालं आणि एक हँड्स-फ्रीवालं.

उपाय, माइक दुसरा वापरा. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा आतला माइक, किंवा डेस्कटॉपला वेबकॅमचा. तेवढं केलं आणि मुलांचा आवाज माणसांसारखा यायला लागला, आणि मुलं म्हणाली, "मॅडम, तुमचा पण."

९. अडखळतंय, तुटतंय

ब्लूटूथ, २.४ चं वायफाय, वायरलेस माउसचे डोंगल आणि मायक्रोवेव्ह, सगळे एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. ब्लूटूथ बिचारं त्या गर्दीत सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत वाट काढतं, लक्ष्मी रोडवर दुचाकी काढावी तसं. म्हणून पीसीचं वायफाय ५ वर नेलं की ब्लूटूथ पण सुधारतं.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते यूएसबी ३ ने. हार्ड डिस्कवर बॅकअप चालू केला की माउस उड्या मारायचा, बॅकअप संपला की शहाणा. यूएसबी ३ चं काम चालू असताना त्यातून जो गोंगाट निघतो तो नेमका याच पट्ट्यात पडतो, आणि माझ्या माउसचा डोंगल हार्ड डिस्कच्या शेजारच्याच निळ्या पोर्टात. डोंगल लांबच्या काळ्या पोर्टात लावा, आणि कॅबिनेट टेबलाखाली असेल तर यूएसबीच्या छोट्या एक्स्टेन्शन वायरने वर टेबलावर आणा. पीसीच्या मागे लोखंडी पत्रा, पुढे तुमचे गुडघे, त्यातून सिग्नलने यायचं कुठून?

दहा-पंधरा मिनिटं हात लावला नाही की तुटतंय असं असेल तर ते वीज वाचवणं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ब्लूटूथ अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवण्यासाठी हे बंद करायला परवानगी द्या अशी जी टिक आहे ती काढा.

१०. फोनवरून फाइल

शेवटचं. फोन आणि पीसी पेअर झाले, मुलगा फोनवरून जर्नलचा फोटो पाठवतोय आणि दर वेळी फेल. कारण पीसीला आधी सांगावं लागतं की आता फाइल येणार आहे. खाली घड्याळाजवळच्या ब्लूटूथच्या चिन्हावर राइट क्लिक करा, रिसीव्ह अ फाइल निवडा, ती खिडकी उघडी ठेवा आणि मग फोनवरून पाठवा. मोठा व्हिडिओ असेल तर यातून पाठवू नका, केबल लावा, तुम्ही केबल शोधून आणाल तेव्हाही ब्लूटूथवाला दहा टक्क्यांवरच असेल.